एकोप्याचे खुराडे

दिवाळी अंकात कोंबड्यांवर लिहायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी आरंभीच क्षमा करावी. चकली-अनारशांच्या ताटाशेजारी ठेवून वाचायचा हा अंक. त्यात कुणी प्रेमकथा लिहील, कुणी प्रवासवर्णन, कुणी बालपणीच्या दिवाळीची आठवण सांगून चार डोळे ओले करील. मी मात्र भांडायला आलो आहे. आणि भांडण तुमच्यापैकीच काहींशी आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जी मंडळी कोकणात किंवा घाटावर कुठल्यातरी शेतावर चार दिवस 'गावचे जीवन' पाहायला येतात, आणि तिथल्या जाळीच्या कुंपणात कोंबड्या, बदके, टर्की, गिनी कोंबड्या असा सगळा पक्षिपरिवार एकत्र दाणे टिपताना पाहून "अहाहा, किती हा एकोपा!" म्हणतात, त्यांच्याशी माझे भांडण आहे. त्याहून मोठे भांडण आहे ते पाहुण्यांना हा उद्गार काढता यावा म्हणून सगळ्या पक्ष्यांना एका जाळीत कोंडणाऱ्यांशी. आणि सर्वांत मोठे माझे स्वतःशीच आहे. कारण तसे अंगण एकदा मीही सजवले होते, आणि त्यावर टांगायची पाटी स्वहस्ते रंगवली होती.

मी पेशाने मास्तर. सिंधुदुर्गातल्या एका खेड्यात जन्मलो, मुलांना शिकवत जिल्हाभर फिरलो आणि निवृत्त होऊन पुन्हा त्याच घराच्या पडवीत येऊन बसलो. थोरले बंधू वारल्यावर वहिनींनी मुंबईची खोली सोडली आणि त्याही गावी आल्या. बाई कष्टाळू. हात बांधून बसणे त्यांच्या स्वभावातच नाही. पहिल्या वर्षी त्यांनी गावठी कोंबड्या पाळल्या, त्यांत थोड्या गिरिराज जातीच्या आणल्या. दुसऱ्या वर्षी बदके आली. मग कुणीतरी सांगितले म्हणून सहा गिनी कोंबड्या आल्या. साप दिसला की त्या आरडाओरडा करतात, म्हणून. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. पुढे घराच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या, आणि शहरातली बिऱ्हाडे सुट्टीत राहायला येऊ लागली.

अशात एका शिबिरात वहिनींनी ऐकले की, टर्की पाळावेत. नाताळात गोव्याला त्यांना गिऱ्हाईक असते, आणि गोवा तर आम्हाला हाकेच्या अंतरावर. बचत गटाकडून कर्ज काढून ज्येष्ठात त्यांनी टर्कीची वीस पिल्ले आणली. आणल्या दिवशीच त्यांनी मला विचारले, "भावोजी, यांना वेगळा आडोसा करावा काय? पलीकडच्या मांगराशेजारी जागा आहे."

वेगळा आडोसा म्हणजे चिरे आले, पत्रे आले, जाळी आली, गडी आले. पण खरे सांगतो, मी खर्चाचा विचार केला नाही. मी विचार केला तो शोभेचा. मी म्हणालो, "कशाला वहिनी? एवढे मोठे अंगण आहे. नांदू देत सगळी एकत्र. पाहुण्यांच्या मुलांना तेवढाच धडा." आणि दुसऱ्या दिवशी एक फळी घासून, तिला पांढरा हात देऊन, निळ्या अक्षरांत मी पाटी लिहिली: 'एकोप्याचे अंगण'. अक्षर माझे शाळेत असल्यापासूनच चांगले.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. टर्की गुडघ्याएवढे झाले. आश्विनात एका सकाळी त्यांतला एक पक्षी पंख ओघळून, डोळे मिटून बाजूला उभा दिसला. खाली विष्ठा पडली होती ती गंधकासारखी पिवळीजर्द. मी म्हटले, अपचन असेल. दुसऱ्या दिवशी तसे चार होते. नवव्या दिवशी वीसांतले सतरा गेले होते. आणि या नऊ दिवसांत आमच्या कोंबड्या कशा होत्या? लालबुंद तुऱ्यांच्या, तकतकीत पिसांच्या, अंडी देणाऱ्या. एकीलाही शिंक आली नाही.

तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी एक मेलेला पक्षी उघडून दाखवला. काळिजावर गोल गोल खोलगट डाग होते, नेमबाजीच्या फळ्यावर असतात तसे एकात एक. डॉक्टरांनी विचारले, "कोंबड्या ठीक आहेत ना?" वहिनी म्हणाल्या, "त्यांना काहीच नाही, देवाच्या दयेने." डॉक्टर म्हणाले, "मग रोग त्यांच्याच अंगणातला."

माझी पाटी त्यांच्या डोक्यावर टांगलेली होती. त्यांनी ती वाचली की नाही, ठाऊक नाही. मी मात्र वाचली.

त्या दिवाळीत पाहुणे आले, आकाशकंदील लागले, फराळ झाला. आणि वहिनींनी नाताळात फेडायचे कर्ज पुढचे सारे वर्ष अंडी विकून फेडले. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर कदाचित हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती.

नंतर मी वाचू लागलो. मास्तराची खोड, नुकसान झाल्यावर पुस्तक उघडतो. या रोगाला इंग्रजीत 'काळे डोके' अशा अर्थाचे नाव आहे. पण डोके काळे पडतेच असे नाही, तेव्हा नावावर जाऊ नये. थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९५ साली ऱ्होड आयलंडमधल्या टर्कींच्या काळजात या रोगाचा सूक्ष्म जीव पाहिला. गंमत बघा, ज्या ऱ्होड आयलंडच्या नावाने आपण लाल कोंबड्यांना 'आर. आय. आर.' म्हणतो, तेच हे राज्य. त्या जिवाला पुढे हिस्टोमोनास हे नाव मिळाले. हा जीव उघड्यावर अगदी दुबळा. विष्ठेतून बाहेर पडला की काही तासांत मरतो. मग पसरतो कसा? १९२० साली याचा उलगडा झाला. कोंबडीच्या आतड्याच्या टोकाशी दोन आंधळ्या पिशव्या असतात. तिथे हेटराकिस नावाचे बारीक पांढरे जंत राहतात. हा दुबळा जीव त्या जंताच्या अंड्यात शिरून बसतो. ते अंडे मातीत पडले की वर्षानुवर्षे टिकते. गांडुळाने गिळले तर त्याच्या पोटातही जिवंत राहते. कोकणातला पावसाळा, ओले अंगण, जागोजाग गांडुळे, आणि त्यांवर टपलेले टर्कीचे पिल्लू! आणखी काही सांगायला हवे काय?

कोंबडीला त्या जंताचा आणि त्या जिवाचा फारसा उपद्रव होत नाही. तिची आणि त्यांची जुनी ओळख. टर्की मात्र यात बहुतेक सारे जातात. औषधाचे म्हणाल, तर अमेरिकेत यावर नायटार्सोन नावाचे सोमलयुक्त औषध शेवटपर्यंत मंजूर होते, तेही २०१५ अखेर मागे घेतले गेले. म्हणजे उपाय उरतो तो एकच, आणि तो वहिनींना पहिल्याच दिवशी सुचला होता: वेगळा आडोसा, आणि तोही कोंबड्या कधी न चरलेल्या जमिनीवर.

आता माझ्या विरुद्ध बाजूचे लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. कारण तीच बाजू मी कित्येक वर्षे मोठ्या आवाजात मांडत होतो.

त्यांचा पहिला मुद्दा आजीचा. "आमच्या आजीच्या अंगणात सगळे पक्षी एकत्रच असायचे हो!" या आजीने आपल्या लिखाणात फार उच्छाद मांडला आहे. तिच्या नावावर वाटेल ते खपते. माझ्या घरात आजीच्या जागी आत्या होती. सारे आयुष्य तिने कोंबड्या-बदके सांभाळली. मी तिचे अंगण पुन्हा डोळ्यांपुढे आणून पाहिले. सात-आठ कोंबड्या, एक कोंबडा, चार बदके. आणि त्यांना चरायला सारी वाडी, गडग्यापलीकडचा मळा आणि उकिरडा. एका पक्ष्याच्या पायाखाली दुसऱ्याची विष्ठा येण्याचा प्रसंग क्वचित. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जात, बदके पडवीच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली. लहानपणी मी एकदा शहाणपणा करून बदके कोंबड्यांच्या खुराड्यात कोंबली. आत्याने ती ओढून बाहेर काढली आणि मला म्हणाली, "चरतत एकत्र, पण निजाक येगळी लागतत. तू पाटी-पुस्तक बघ, माझ्या कोंबड्यांका शिकव नको." ते मी पन्नास वर्षांनी विसरलो. शिवाय आत्याच्या अंगणात टर्की नव्हता. टर्की हा मूळचा अमेरिकेतला. १६१२ साली जहांगिराच्या दरबारात गोव्याहून एक आणला गेला, तेव्हा बादशहाला त्याचे इतके नवल वाटले की, त्याने तो आपल्या आठवणींत टिपून ठेवला आणि उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. हे चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. इंग्रज या पक्ष्याला तुर्कस्तानचा समजले, फ्रेंच आणि खुद्द तुर्क हिंदुस्थानचा समजले, आणि पोर्तुगीज त्याला पेरू म्हणतात. आपण पेरू म्हणून काय खातो ते सांगायला नको. ज्याचे गाव कोणते याचाच जगाला पत्ता नाही, त्या पाहुण्याला आजीच्या अंगणात घुसडून तिची साक्ष काढणे हा त्या बिचारीवर अन्याय आहे.

आणि आजीच्या अंगणाचे दुसरे चित्रही सांगा ना! मानमोडी आली की गावच्या गाव ओस पडत असे. सकाळी खुराड्याचे दार उघडावे तो आत माना मुरगळून पडलेल्या कोंबड्या. तिला 'रानीखेत' म्हणतात, कारण आपल्या देशात ती कुमाऊँमधल्या त्या गावी ओळखली गेली. तिच्यावर लस आली म्हणून ही आठवण पुसट झाली. गोड तेवढे आजीच्या पदरात टाकायचे आणि कडू विसरायचे, याला इतिहास म्हणत नाहीत.

दुसरा मुद्दा निसर्गाचा. "रानात नाही का सगळे पक्षी एकत्र राहत?" नाही राहत. सह्याद्रीतला करडा रानकोंबडा झाडाखालचा पाचोळा उकरतो, बदक पाणथळीत असते, आणि गिनी कोंबडीचे मूळ घर आफ्रिकेच्या माळावर. हे सारे एकत्र आणले माणसाने. दोन गुंठे जमिनीला जाळी मारून आत चार खंडांतले पक्षी सोडायचे आणि त्याला निसर्ग म्हणायचे, हा निसर्गाचा गौरव खास नव्हे.

तिसरा मुद्दा सोयीचा. एक जाळी, एक भांडे, एक खाद्य, काम वाचते. हा मुद्दा मला मानवतो, कारण तो निदान प्रामाणिक आहे. परंतु हिशेब मांडून पाहा. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते; तेवढे तिच्या अंड्याच्या कवचाला लागते. तेच खाद्य वाढत्या पिल्लाने खाल्ले तर त्याच्या मूत्रपिंडाची माती होते. त्याला एखादा टक्का पुरे. कोंबडीच्या पिल्लाला प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास लागतात, टर्कीच्या पिल्लाला अठ्ठावीस. बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट हवे. ते कमी पडले की त्याचे पाय वाकतात. आणि कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर खाद्यात जी सॅलिनोमायसिनसारखी औषधे मिसळतात, ती कोंबडीला मानवणाऱ्या मात्रेतही टर्कीला विषासारखी बाधतात. एका पंगतीत सगळ्यांना एकच वाढले म्हणजे समता झाली, असे आपण समजतो. पण ज्या पंगतीत मधुमेही आजोबा, दुपट्यातले बाळ आणि तालमीतला पुतण्या यांच्यापुढे एकच ताट ठेवले जाते, त्या घरच्या गृहिणीला तुम्ही समतावादी म्हणाल की निष्काळजी?

पाण्याचेही तसेच. बदकाला चोच बुडवून नाक-डोळे धुवायला खोल पाणी लागते. ते पितानाच निम्मे पाणी भोवती उडवते, आणि खुराड्यातले कोरडे भाताचे तूस तासाभरात चिखल होऊन जाते. बदकाला त्याचे सुखच वाटते. पण रक्ती हगवणीचे बीज त्या ऊबदार ओलीत एक-दोन दिवसांत पक्व होते, आणि त्याचा भोग कोंबडीच्या पिल्लांच्या वाट्याला येतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तो आपल्या देशातला पहिला. लाखो कोंबड्या पुराव्या लागल्या. त्यानंतर तरी प्रत्येक कोंबडीवाल्याला कळायला हवे होते की, बदके आणि पाणपक्षी हा विषाणू पुष्कळदा फारसे आजारी न दिसता वागवतात, आणि कोंबड्या त्याने दोन-तीन दिवसांत माना टाकतात. पुन्हा तीच गोष्ट: एकाच्या अंगात जे निमूट नांदते, त्याने दुसरा मरतो.

एवढे रोगाचे झाले. पण सगळी दुःखे रोगाची नसतात. १९२१ साली थोर्लेइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने कोंबड्यांत चोच मारण्याची उतरंड असते हे दाखवून दिले. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि शेवटची कोणालाच नाही. कोंबड्यांत ही उतरंड ठरली की थोडी शांतता होते, कारण खालची वरचीची खूण ओळखते. पण टर्कीची भाषा वेगळी, गिनीची वेगळी. कोंबडी हरल्याची खूण करते ती टर्कीला कळत नाही, आणि तो मारतच राहतो. गिनी नर कोंबड्यांच्या मागे लागून पिसे उपटतो. मादी पुरेशी नसलेला बदकाचा नर कोंबड्यांवर धावतो, आणि त्यांच्या शरीराची घडण निराळी असल्यामुळे त्यांना जिवावरची इजा होते. घरात मुले हा अंक वाचत असतील म्हणून याहून अधिक लिहीत नाही. दीडशे-दोनशे ग्रॅमची जपानी लाव्ही, जिला बाजारात बटेर म्हणतात, ती तर या दंगलीत एका चोचीची धनी. शोभेसाठी तिलाही कोंबड्यांत सोडलेली मी पाहिली आहे. पाहुण्यांची मुले टाळ्या पिटत होती.

आणि एकाच जातीच्या पक्ष्यांतली सरमिसळ? ती मारत नाही, पण फसवते. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि घरोघर काळी कोंबडी आली. ती गावठी कोंबड्यात मिसळून पाळायची आणि अंडी मात्र शुद्ध कडकनाथची म्हणून उबवायला विकायची, असा व्यवहार सर्रास चालतो. कोंबडा वेगळा केल्यावरही दोन-तीन आठवडे कोंबडी त्याच्याच वंशाची अंडी देते, हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि विकणारा सांगत नाही.

एक मुद्दा मात्र मी प्रतिपक्षाला प्रामाणिकपणे देऊन टाकतो. टर्कीच्या अंगात एक निरुपद्रवी विषाणू असतो. तो कोंबडीला मॅरेक्स या भयंकर रोगापासून वाचवतो. म्हणून काही जुने लोक कोंबडीच्या पिल्लांत मुद्दाम टर्की ठेवत. त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु त्याच विषाणूची लस १९७० नंतर जगभर रूढ झाली, आणि उबवणी केंद्रात एक दिवसाच्या पिल्लाला ती टोचतात. एका सुईने होणाऱ्या कामासाठी टर्कीचा जीव पणाला लावण्याचे कारण आता उरलेले नाही.

इथे लेख संपवता आला असता. पण ज्याच्यासाठी लेखणी हाती घेतली तो प्रसंग अजून सांगायचाच आहे.

आमचे टर्की जाण्यापूर्वी एक गृहस्थ सहकुटुंब राहायला आले होते. मोठे सज्जन. पाटी वाचून ते मुलांना म्हणाले, "पाहा, या मुक्या पक्ष्यांना कळते ते माणसांना कळत नाही. जात नाही, धर्म नाही, सगळे एकत्र." माझी छाती फुगली. पुढच्या वर्षी दुसरे एक गृहस्थ आले. त्यांना टर्कींची हकीकत कळली, तेव्हा मान डोलवत ते म्हणाले, "मास्तर, निसर्गानेच दाखवून दिले. ज्याने त्याने आपापल्या जागी राहावे. सरमिसळ केली की नाश ठरलेला." आणि ते कोंबड्यांविषयी बोलत नव्हते, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होते.

पहिल्या गृहस्थांनी मला मूर्ख बनवले, पण दुसऱ्यांनी मला संताप आणला. वाचकहो, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. कोंबडी आणि टर्की यांच्यात जे अंतर आहे तसे अंतर माणसामाणसांत कुठेच नाही. पांढरी लेगहॉर्न, काळी कडकनाथ आणि लढाऊ असील या तिन्ही कोंबड्याच. रंग-रूप-स्वभाव निराळे, पण वंश एक. टर्कीचा वंशच वेगळा. माणसाची मात्र पृथ्वीच्या पाठीवर एकच जात आहे. तिची काळिजे एक, तिचे रोग एक, तिच्या लशी एक. गावच्या पाणवठ्यावर कोणी यायचे आणि कोणी नाही, हे ज्यांनी ठरवले होते त्यांनी कोणत्याही जंताचे अंडे पाहून ते ठरवले नव्हते. माझ्या वहिनींच्या मेलेल्या सतरा पक्ष्यांचा आधार घेऊन त्या जुन्या पापाला कोणी शास्त्राचा टिळा लावू पाहील, तर त्याला माझ्या अंगणात चहा मिळणार नाही.

आणि पहिल्या सज्जनांनाही माझे सांगणे आहे. माणसांनी एकत्र का राहावे, याचे कारण कोंबड्यांकडे मागायला जाऊ नका. ते कारण आपल्यापाशी पुरेसे आहे, आणि ते पक्ष्यांच्या जिवावर सिद्ध करण्याची गरज नाही. आपला उपदेश आपण पक्ष्यांकडून वठवून घेतो. तो वठला नाही की मरतात ते. कोणाला किती जागा हवी, काय खायला हवे, कशाने इजा होते, हे विचारल्यावाचून त्याला जवळ ओढणे म्हणजे प्रेम नव्हे, हौस आहे. वहिनींनी ते विचारले होते. मी विचारू दिले नाही.

मग काय, कोंबडीवाल्याने एकच पक्षी पाळावा? मुळीच नाही. मी अनेक पक्षी पाळण्याच्या विरुद्ध नाही. एका जाळीच्या विरुद्ध आहे. बदके दिवसा कोंबड्यांबरोबर मोकळ्या रानात खुशाल चरू द्यावीत. पाणी आणि निजायची जागा वेगळी ठेवावी, आणि नराला माद्या पुरेशा द्याव्यात. गिनी कोंबड्यांना मोकळे रान आणि उंच बसायला फांदी द्यावी. राखण त्या उत्तम करतात. टर्की पाळायचे तर कोंबड्या कधी न फिरलेल्या जमिनीवर, आणि तिकडे जाताना पायांतल्या वहाणाही वेगळ्या. लाव्ह्या पिंजऱ्यात, दूर. बाजारातून आणलेला कोणताही नवा पक्षी निदान तीन आठवडे बाजूला. पिल्ले मोठ्यांपासून निराळी. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी जरूर ठेवावीत. एकवीस दिवसांची सवय असलेली ती माउली अठ्ठावीस दिवस तक्रार न करता बसते. मग पिल्ले पाण्यात शिरली की काठावरून जिवाच्या आकांताने ओरडते. ती पाण्यात उतरत नाही आणि पिल्लांना काठावर बांधून घालत नाही. मला विचाराल तर अंगणातला धडा घ्यायचाच झाला तर एवढाच घ्यावा.

आणि तुम्ही, जे या सुट्टीत कुठल्यातरी अंगणात जाऊन उभे राहणार आहात, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. सगळे पक्षी एका जाळीत दिसले तर वाहवा करू नका. यजमानाला विचारा, "बदके रात्री कुठे निजतात? टर्की कुठे ठेवलेत?" तुमची वाहवा हेच त्याचे उत्पन्न आहे, ती तुम्ही वेगळ्या आडोशांना दिलीत, तर तो वेगळे आडोसे बांधील. छायाचित्र थोडे ओके येईल. तेवढे सोसा.

आमच्याकडे आलात तर तुम्हाला चार ठिकाणी चार कुंपणे दिसतील आणि अंगण थोडे विसकटलेले वाटेल. टर्की नाहीत, वहिनींनी पुन्हा आणले नाहीत, आणि मी तो विषय काढत नाही. माझी पाटी मात्र आहे. बदकांच्या घराला चढायला फळी हवी होती, तेव्हा वहिनींनी ती उतरवून, अक्षरे खाली करून, तिथे लावली. रोज संध्याकाळी बदके तिच्यावरून ओळीने आत जातात. फळी चांगली निघाली. पाच पावसाळे झाले, अजून कुजलेली नाही.